त्रेचाळीस विमा कार्डं

माझे वडील, ज्यांना आम्ही घरात नाना म्हणत असू, धुळ्याच्या एका कापड गिरणीत बावीस वर्षं कामाला होते. कापसाच्या गाठी फोडून मशीनपर्यंत नेण्याचं काम. नाना सातवीपर्यंत शिकलेले, माय शाळेची पायरी न चढलेली. मी देवपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या चाळीत त्या वेळी कॉलेजात जाणारी मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे कुणाला अर्ज लिहायचा असो, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असो, लोक माझ्याकडे येत. मला त्याचा कंटाळा येत नसे. उलट आपलं शिक्षण कुणाच्या तरी उपयोगी पडतंय याचा आनंद व्हायचा.

नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. उन्हाळ्यानंतर गिरणीत कामाचे दिवस कमी झाले. आठवड्यात सहा दिवस जाणारे नाना तीनच दिवस जाऊ लागले. नवरात्राच्या तोंडावर त्यांची पाळी कायमची बंद झाली आणि त्या पाळीतले त्रेचाळीस जण एका दिवशी घरी आले.

त्या दिवशी नाना घरी आले ते अगदी शांत होते. हातपाय धुतले, चहा घेतला, आणि सांगितलं की सगळं व्यवस्थित पार पडलं. गिरणीचा पितळी बिल्ला, कपाटाची किल्ली, कामाचा डगला, कॅन्टीनची उरलेली कुपनं, सगळं त्यांनी टाइमकीपरच्या टेबलावर मांडलं होतं. आणि सगळ्यांत शेवटी विम्याचं कार्ड.

"कार्ड बी दी उनात?" मायनं विचारलं.

"जे गिरणीनं व्हतं ते गिरणीले दिधं," नाना म्हणाले. "बठ्ठं. एक टाचणी ठेयी नही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आजही दिसतं. बावीस वर्षांत त्यांनी गिरणीचं सुताचं एक टोकसुद्धा घरी आणलं नव्हतं. जातानाही तसंच स्वच्छ जायचं, एवढाच त्यांचा विचार होता. आम्हा तिघांनाही ते बरोबरच वाटलं. पगारातून विम्यासाठी काहीतरी कापलं जातं आणि म्हणून कामगार विमा दवाखान्यात औषध मिळतं, एवढं आम्हाला माहीत होतं. काम गेलं म्हणजे कापणंही गेलं आणि दवाखानाही गेला, हा हिशोब सरळ होता.

अडचण एकच होती. नानांना हर्निया होता. डाव्या बाजूला जांघेत एक गोळा यायचा. खोकताना, शिंकताना ते तिथे तळहात दाबून धरत. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच ऑपरेशन करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. पण ऑपरेशन म्हणजे दोन-तीन महिने घरी बसणं, आणि नाना खाडा करायला तयार नव्हते. माय रोज भांडायची. ती भांडत असायची आणि हे डबा घेऊन निघालेले असायचे.

आता नवं काम शोधायला निघाल्यावर तो गोळा आडवा आला. नानांना येत होतं ते ओझं उचलण्याचं काम. बाजार समितीत गेले, लाकडाच्या वखारीत गेले, एका डाळ मिलमध्ये गेले. मिलच्या शेटजींनी एक पोतं उचलून दाखवायला सांगितलं. नानांनी उचललं, पण दुसरा हात आपोआप जांघेकडे गेला. शेटजी चांगल्या मनाचे होते. म्हणाले, "भाऊ, पहिले इलाज करो. ठीक झालात की या. माझ्या दारात कोणी पडलं तर मला झोप येणार नाही." म्हणजे ऑपरेशनशिवाय काम नाही, आणि काम नाही तर ऑपरेशन कुठून करणार? खाजगी दवाखान्याचा विचारही आमच्या घरात कोणी बोलून दाखवला नाही.

दसऱ्यानंतर मायच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या. विमा दवाखान्यात कंपाउंडर म्हणून एक काका होते. मला लहानपणापासून ओळखायचे. मी विचार केला, गोळ्या मिळाल्या नाहीत तरी कोणती गोळी बाहेरून घ्यायची ते तरी लिहून घेऊ. कॉलेजातून परत येताना मी गेले.

"कार्ड दे," काकांनी हात पुढे केला.

"कार्ड नाही काका. नानांची पाळी बंद झाली ना. त्यांनी जमा केलं."

"कुठे जमा केलं?"

"गिरणीत. टाइमकीपरकडे."

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. आधी कपाळाला हात लावला आणि मग इतके हसले की रांगेतली माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"अगं पोरी, तुझ्या बापानं घराच्या भिंती तरी ठेवल्यात का, त्याही जमा करून आला? कार्ड गिरणीचं नसतं. कार्ड त्याचं. त्याचा नंबर, त्याचं नाव, तुझ्या मायचं नाव, तुझं नाव."

"पण काम गेलं की..."

"काम गेलं की लगेच दवाखाना जात नाही." त्यांनी टेबलाच्या खणातून एक पातळ मराठी पुस्तिका काढली, कोपरे दुमडलेली. "कॉलेजात जातेस ना? वाच. आणि बापाला वाचून दाखव."

पांझरेच्या पुलावर कठड्याला टेकून मी ती पुस्तिका तिथेच वाचून काढली. भाषा सरकारी होती, दोनदा वाचावी लागली. पण मुद्दा साधा निघाला. वर्षाचे दोन भाग असतात. एका सहामाहीत जी कपात होते तिचा लाभ लगेच सुरू होत नाही, मध्ये तीन महिने सोडून पुढच्या सहा महिन्यांत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात नानांच्या पगारातून जे कापलं गेलं, त्याचा लाभ जानेवारी ते जून. आणि त्याच्या आधीच्या कपातीवर डिसेंबरपर्यंत हक्क आहेच. म्हणजे काम सुटलं तरी पुढच्या जूनपर्यंत दवाखाना आमचा होता. अट एक होती. त्या सहामाहीत निम्म्या दिवसांची तरी हजेरी भरलेली हवी.

मी जवळजवळ धावतच घरी गेले. नाना अंगणात खाटेच्या दोऱ्या ओढत बसले होते. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि परत दोरी ओढायला लागले.

"कागदवर काहीबी ऱ्हास," ते म्हणाले. "मी आते त्यासना मानूस नही. फुकटनं औसद माले नको."

"नाना, फुकट नाही. तुमच्याच पगारातून..."

"जोवर काम तोवर औसद. ते मी खाई लिधं."

माझी पुस्तिका तिथे संपली. पण माय चुलीपाशी बसून ऐकत होती. ती शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातली. तिला सहामाही कळली नसती, पण हे बरोबर कळलं. ती भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आली.

"कपाशी पेरी तुम्ही. निंदी तुम्ही. आनि येचाना टाइमले म्हनतस, मनं काय शे आठे? पेरताच कोनले बोंडं येतस का?"

नानांनी दोरी सोडली. पण मान हलली नाही. एकदा दिलेली वस्तू परत मागायची, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मला त्यांच्याशी भांडवतही नव्हतं, कारण त्यांच्या याच स्वभावामुळे त्यांच्याविषयी मला आदर होता.

अडलेलं पुढे सरकलं ते शेजारच्या भाऊमुळे. हा नानांच्याच पाळीतला, नानांपेक्षा वयाने बराच लहान, तोंडाने फटकळ. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. दोन दिवसांनी मी ओट्यावर त्याच्या बायकोला पुस्तिका समजावत होते, तो आतून बाहेर आला.

"आपलंबी कार्ड गिरणीमाच शे," तो म्हणाला.

"तुम्ही का दिलंत?"

"का म्हंजे? नाना पुढे व्हतात. नानानी ठेयं, मी ठेयं. मना मांगे व्हता त्यानी ठेयं."

मी पुस्तिका मिटली. "सगळ्यांनी?"

"बठ्ठास्नी! नाना चुकाव नहीत म्हनीसन."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नाना जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. शिस्तीचा माणूस म्हणून ते नेहमीसारखे रांगेत पहिले होते. त्यांनी कार्ड ठेवलेलं पाहून मागच्या बेचाळीस जणांनी, जाताना द्यायचा नियमच असेल असं समजून, आपापली कार्डं टेबलावर ठेवली होती. बेचाळीस घरांचा दवाखाना नानांच्या प्रामाणिकपणाने बंद झाला होता.

स्वतःसाठी जे मागायला ते मरून गेले तरी गेले नसते, ते मागायला दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मला बरोबर घेतलं, कारण पुस्तिका मी वाचणार होते.

फाटकावरच्या गुरख्याने नानांना सलाम केला आणि मग संकोचून एक वही पुढे केली. बिल्ला नसलेल्या माणसाने त्या वहीत नाव लिहायचं, कोणाला भेटायचं ते लिहायचं, कामाचं कारण लिहायचं. बावीस वर्षं नाना त्या फाटकातून पाहुणा म्हणून कधी गेले नव्हते. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "लिहा, कार्डं परत नेणे." त्यांनी एकेक अक्षर जपून लिहिलं.

टाइमकीपर नवा होता, जेमतेम सहा महिन्यांपूर्वी आलेला तरुण. आम्हाला बघून तो उभाच राहिला.

"नाना, बरं झालं तुम्ही आलात! ती कार्डं मी सुतळीनं बांधून ठेवलीत. कुठे पाठवायची तेच कळेना. वर विचारायला लाज वाटत होती."

"मग घेतलीत कशाला?" मी विचारलं.

"मी कुठे मागितली, ताई? नानांनी पहिलं ठेवलं. मला वाटलं, इथली पद्धत असेल. मी नवीन माणूस."

"आनि माले वाटनं," नाना हळूच म्हणाले, "तुम्ही काही बोलनात नहीत, म्हंजे नियमच व्हई."

तिघेही एकमेकांकडे बघत राहिलो आणि पहिल्यांदा नाना हसले. पाळी बंद झाल्यापासून मी त्यांचं हसू पाहिलं नव्हतं. हसताना तळहात जांघेवर गेलाच.

टाइमकीपरने आणखी एक काम केलं, ज्याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे. त्याने हजेरीचं मोठं रजिस्टर काढलं आणि नानांची एप्रिलपासूनची हजेरी माझ्यासमोर मोजली. एप्रिल आणि मे पूर्ण होते. पुढे आठवड्याला तीन दिवस. मी बोटावर मोजत होते, तो पेन्सिलीने टिंबं करत होता. निम्म्या दिवसांच्या अटीपेक्षा चार दिवस जास्त भरले होते. फक्त चार! नाना दुखत असताना, मायशी भांडून, डबा घेऊन गेलेले कितीतरी दिवस त्या टिंबांत होते. त्यातले पाच दिवस जरी ते घरी राहिले असते तरी जानेवारीपासून आम्हाला काही मिळालं नसतं. घरी जाऊन मी हे सांगितलं तेव्हा मायने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आते मी भांडू कसावर?"

कार्डं वाटायचं काम दोन दिवस चाललं. त्यात एक गंमत होती. कार्डावर पूर्ण नाव असायचं, आणि पूर्ण नावाने गिरणीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मी नाव वाचलं की नाना कोऱ्या चेहऱ्याने बघत. "हाऊ कोन?" मग टाइमकीपरने मागे पेन्सिलीने लिहिलेला गिरणीचा नंबर वाचला की लगेच, "अरे, हाऊ तं टाकीजोडेवाला!" म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ राहणारा. असे आम्ही सायकल घेऊन गल्लोगल्ली फिरलो. मी सायकल चालवायचे, नाना शेजारून चालत, कारण डबलसीट बसलं की गोळा दुखे.

बहुतेकांनी चहा पाजला. काहींनी टोमणे मारले. शेजारच्या भाऊने तर दारातच हात जोडले.

"या नाना, या! आते काय जमा करनं शे? बायको तेवढी घरमा उरेल शे. तिलेबी लई जातस का?"

आतून त्याची बायको ओरडली, "लई जा नाना! तठे तरी दोन येळ आयता चहा भेटी!"

नाना बिचारे ओशाळून कार्ड पुढे करत होते आणि हसूही आवरत नव्हतं. "ले बाबा. चूक व्हई गयी."

"चूक काय नाना," भाऊ एकदम सरळ आवाजात म्हणाला, "तुमनाच मांगे उनूत, आनि तुम्हीच परत लई उनात."

सगळ्यांना कार्डं मिळाली तरी नाना स्वतः दवाखान्यात जाईनात. आधी बाकीच्यांचं होऊ दे म्हणत. कोणाच्या मुलाचे टॉन्सिल्स, कोणाच्या आईचा दमा, अशी सगळी कामं ते चौकशी करून ऐकत आणि समाधान मानत. दिवाळी झाली, मार्गशीर्ष लागला. शेजारच्या भाऊच्या घरी मुलगी झाली, विम्यावरच, सुखरूप. तो पेढे घेऊन आला तेव्हा मायने पेढा हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही.

"आते बठ्ठास्नं व्हई गयं ना?" तिने नानांना विचारलं. "का आखो कोनी बाळंत व्हवानी वाट देखनी शे?"

त्याच आठवड्यात नाना माझ्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी पाहिली, नवी दिली. कंपाउंडर काकांनी आतूनच विचारलं, "काय नाना, आज काय जमा करायला आणलंय?" नाना म्हणाले, "गोळा आनेल शे. ठेयी ल्या." सगळा दवाखाना हसला.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती संक्रांतीनंतरची, आणि खाट मिळाली जळगावला. मायची बहीण तिथे राहत होती, त्यामुळे आम्हाला ते बरंच पडलं. एसटीने पारोळ्यावरून गेलो. नाना खिडकीशी बसले होते आणि कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं. वाटेत त्यांनी निदान चार वेळा खिसा चाचपला.

दाखल करताना सिस्टरने कागद भरला. वय, गाव, मग म्हणाली, "काम काय करता?" नाना माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "गिरणीत होतो. आता नाही. पण हक्क जूनपर्यंत आहे." इतकं सरळ मराठी वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. पुस्तिकेतलंच वाक्य होतं, मी इतक्यांदा वाचून दाखवलेलं. सिस्टर म्हणाली, "बाबा, मी नुसतं काम विचारलं, भाषण नाही." पण तिने हसत लिहून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मावशी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन आली, ते डॉक्टरांनी खाऊ दिलं नाही, आणि नानांचा सगळा राग त्यावरच होता. शेजारच्या खाटेवरच्या केळीवाल्या शेतकऱ्याने ती भाकरी त्यांच्यासमोर बसून खाल्ली आणि वर चवीचं वर्णन केलं. हसू नका, टाके दुखतील, असं सिस्टर येता-जाता दोघांनाही बजावत होती. मी खाटेच्या पायथ्याशी बसून परीक्षेचा अभ्यास करत होते. त्या वॉर्डात बसून वाचलेलं अर्थशास्त्र माझ्या जितकं लक्षात राहिलं तितकं वर्गातलं राहिलं नाही.

तीन महिने ओझं उचलायचं नाही असं सांगितलं होतं. नानांनी ते पाळलं, म्हणजे मायने पाळायला लावलं. पाण्याची कळशीसुद्धा ती हातात घेऊ देत नसे. नाना ओट्यावर बसून चाळीतल्या लोकांना सहामाहीचा नियम समजावून सांगत. कपात कधी, लाभ कधी, निम्मे दिवस म्हणजे किती. पुस्तिका त्यांची पाठ झाली होती. कोणी चुकीचं सांगितलं तर त्यांना खपत नसे.

एप्रिलच्या शेवटी ते पुन्हा त्याच डाळ मिलच्या शेटजींकडे गेले. पोतं उचललं, पाठीवर घेतलं, दहा पावलं चालून थप्पीवर ठेवलं. दोन्ही हात पोत्यावरच होते. शेटजी म्हणाले, "वाह. उद्यापासून या."

ते घरी आले तेव्हा माय अंगणात बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. तिने पगार विचारला नाही, वेळ विचारली नाही.

"तठे इमा शे का?"

"इचारं मी," नाना म्हणाले.

"मंग?"

"शेटजी म्हने, भाऊ, अजून एक दिवस पोतं उचललं नही आनि दवाखान्याचं विचारतो?"

"मंग तुम्ही काय म्हनात?"

"मी म्हनं, शेटजी, पहिले ते सांगा. पोतं मी उचलीच लिसु."

"आनि?"

"शे," नाना म्हणाले. आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून मायला बिबडे घालू लागायला खाली वाकले. ती "हळू, हळू" म्हणत होती, आणि ते ऐकत नव्हते.